धारवाडला पाठवलेले प्लग

पेठ वडगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

आण्णा,

इथनंच पाया पडते. भाचीचं पत्र आलं म्हणून दचकू नका, घरी सगळी बरी हायत. फोनच केला असता, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आदी मी अनुजाताईला सांगायचं, मग तिनं तुमच्या कानात ओरडायचं, आणि मग तुम्ही भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायचं. व्हॉट्सअॅपवर तर तुम्ही नुसता अंगठा दाखवताय. मला अंगठा नको, उत्तर पायजे.

तर ऐका. गोठ्यातली आरएक्स मोटरसायकल मी बाहेर काढली. व्हय, तीच. ऋतुदादाची. नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, सीटमध्ये उंदरांनी घर केलंतं. कागल एमआयडीसीत मी ज्या कंपनीत तपासणीला हाय तिथं दिवसभर दुसऱ्यांचे क्रँकशाफ्ट मोजायचे आणि घरी आपलीच गाडी गंजत पडलेली, हे मला बघवंना. नवा पिस्टन घेतला, नवा कार्बोरेटर घेतला, क्रँक उद्यमनगरातनं करून आणली. दसऱ्याच्या दिवशी पहिल्यांदा फायरिंग झालं. आक्कानं खुरप्या-विळ्यांच्या शेजारी गाडी पण पूजेला उभी करू दिली, हळद-कुंकू लावलं, गुलाल टाकला. पण तोंडातनं एक शब्द काढला न्हाय. आपली आई बोलत नसली की घरात जास्त भ्या वाटतंय, तुमची बहीण हाय, तुम्हाला ठाऊक असंल.

आता मुद्द्याचं. जानेवारीत तुमच्या धारवाडपासनं तासाभरावर एका बंद धावपट्टीवर चारशे मीटरची रेस हाय. सरळ रेषा, दोन-दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. मी नाव दिलंय. चालवणार मीच. माझं वजन कमी, त्याचा फायदा हाय असं सगळी म्हणतात. मला तुमच्याकडनं दोन गोष्टी पायजेत. गाडीचं इंजिन तुम्ही रेससाठी लावून द्यायचं, आणि त्या दिवशी लाईनीवर माझ्या शेजारी तुम्ही उभं राहायचं. खरं सांगू का, दुसरी जास्त पायजे. आक्का पण तिथं असंल आणि तुम्ही पण असाल, असा एक दिवस मला बघायचाय.

तुमची क्रांती

—

धारवाड,
२२ ऑक्टोबर

क्रांते,

आशीर्वाद हायतच, पण पत्र वाचून डोस्कं सणकलं. दिवाळीचा लाडू तसाच हातात ऱ्हायला.

ती गाडी मी लावलीती. तू तवा शाळंत होतीस, तुला कुणी नीट सांगितलं नसंल, म्हणून लिवतो. रेससाठी एअर फिल्टर काढला की इंजिन उघड्या तोंडानं हवा ओढतंय. जास्त ओढतंय, जास्त पळतंय. पण हवा वाढली की पेट्रोल बी वाढवाय लागतंय, न्हायतर इंजिन कोरडं पडून तापतंय. कार्बोरेटरातनं पेट्रोल सोडणारा जेट मी बदलला, पण हात आखडता घेतला. गाडी हलकी पळावी ही हाव. तिसऱ्या गिअरात फुल्ल असताना पिस्टन जाम झाला, मागचं चाक जाग्यावर अडकलं आणि ऋतुराज रस्त्यावर. मांडीचं हाड गेलं. पोलीस भरतीचं ग्राऊंड मारणारं पोरगं! दवाखान्यात आक्का सगळ्या पावण्यांदेखत म्हणाली, "आण्णा, तुझ्या हातानं माझं पोर लंगडं केलंस." मी काय बोलणार? खरंच होतं. म्हैन्याच्या आत उद्यमनगरातल्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वडलं नि लेकीकडं आलो. तवापासनं माझ्या बहिणीनं माझं नाव घेतलेलं न्हाय आणि मी वडगावात पाय टाकलेला न्हाय. ती स्वतः बोलवंल तवा यीन. लाईनीवर उभं ऱ्हायचं तू इसर.

आता तू म्हणशील, मग गाडीचं काय. मी नको म्हटलं तर तू ऐकणार हाईस व्हय? आईवर गेलीयास. कुणातरी येड्यागबाळ्याकडनं लावून घेशील आणि पडशील. त्यापरास मीच सांगतो.

कान होतं तवा मी आवाजावर जेट लावायचो. आता कान न्हाईत, डोळं हाईत. तर असं करायचं. गाडी फुल्ल ताणायची आणि ताणलेली असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबायचा. थांबलीस की तिथल्या तिथं प्लग काढायचा, कागदात गुंडाळायचा आणि पत्रासंगट पोस्टानं पाठवायचा. फोटो नको. फोटोत काळा प्लग बी गोरा दिसतोय. प्लगच्या रंगावरनं मला इंजिनाच्या पोटातलं सगळं कळतंय.

आणि क्लचवर दोन बोटं कायम. झोपेत सुद्धा.

आण्णा

—

पेठ वडगाव,
९ नोव्हेंबर

आण्णा,

सोबत पहिला प्लग. पोस्टातल्या बाईंनी पाकीट दाबून विचारलं, "यात काय हाय?" मी म्हटलं, औषध. त्या म्हणाल्या, लई जड औषध हाय की.

काम कुठवर आलंय ते सांगते. स्टँड, मडगार्ड, चेन कव्हर, पुढचा दिवा, सगळं काढून टाकलं. गाडी आता पिसं काढलेल्या कोंबडीगत दिसती. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म चार इंच लांब करून घेतला, सुटताना पुढचं चाक उचलू नये म्हणून. पुढचे फोर्क वर सरकवून गाडीचं तोंड खाली घेतलं. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या यार्डात एक लांब सरळ रस्ता हाय, रविवारी सकाळी पळवायची परवानगी मिळाली. ऋतुदादानं मिळवून दिली. डेअरीचं दूध संकलन त्याच्याकडं असल्यामुळं त्याला सगळी वळखतात.

दादाला मी घाबरत घाबरत सांगितलंतं. मला वाटलं चिडंल. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सीट अजून मागं घे, तुझं बूड टाकीवर येतंय." एवढंच. मग संध्याकाळी भाकरी खाताना म्हणाला, "माझा पाय डॉक्टरनं जोडला. आक्काचं आणि आण्णाचं काय जोडंना बग." आक्का चुलीपाशी होती. तिनं भाकरी थापायची थांबवली, मग परत थापाय लागली.

मी रेसला जाऊ का म्हणून आक्काला विचारलंय. हो पण न्हाय, न्हाय पण न्हाय.

सुटताना अडचण अशी हाय, क्लच सोडला की एक तर इंजिन बंद पडतंय न्हायतर चाक नुसतं फिरतंय. काय करू?

क्रांती

—

धारवाड,
१६ नोव्हेंबर

क्रांते,

प्लग बघितला. पांढरट हाय. म्हंजे पेट्रोल कमी पडतंय. जेट दोन नंबर मोठा घाल आणि परत पाठव. काळा आला तर आपण बघून घिऊ, पांढरा आला तर मला झोप लागत न्हाय. काळ्यानं गाडी मंद पळती, पांढऱ्यानं माणूस पडतंय.

सुटायचं सांगतो. क्लच सोडायचा न्हाय, सरकवायचा. पहिल्या चार-पाच गाडीच्या लांबीएवढं अंतर अर्धा क्लच धरूनच जायचं. वास येतोय म्हणून भिऊ नको. मागच्या टायरात हवा कमी ठेव, पण एवढी कमी नको की वळवळंल. तू अंग टाकीवर झोपवून सुटतीस असं वाटतंय, म्हणून चाक फिरतंय. सुटताना बूड मागं, दुसरा गिअर पडला की मग झोप.

मागचं दात्यांचं चक्कर असं बसव की रेषेवर पोचताना गाडी शेवटच्या गिअरात पुरी ताणलेली पायजे. रेषेच्या आदीच ताण संपत असंल तर चक्कर मोठं हाय, दोन दाते कमी कर. रेषा आली तरी गाडी अजून वढतीच हाय असं वाटलं तर दाते वाढव. हे मला हितनं सांगता यायचं न्हाय, तुझ्या बुडाला कळंल.

फिल्टर सगळ्यात शेवटी काढायचा. तवर लावून ठेव. काढलास की जेट परत वाढीव. त्यात माझ्यागत कंजुषी करायची न्हाय.

आक्का भाकरी थापायची थांबली हे तू लिवलंस. अजून काय काय करती ते बी लिवत जा.

आण्णा

—

पेठ वडगाव,
७ डिसेंबर

आण्णा,

आक्का कबूल झाली! झाली म्हणजे काय, काल रात्री आपणहून म्हणाली, "उद्या पळवणार हाईस न्हवं? मी येते. माझ्या मागनं काय करायचं न्हाय, माझ्या डोळ्यादेखत कर." सकाळी सहाला नवी साडी नेसून तयार. ताटात नारळ, हळद-कुंकू, कापूर आणि वाडी रत्नागिरीहून, जोतिबाच्या डोंगरावरनं आणलेला गुलाल. यार्डात गाडीपुढं नारळ फोडला आणि "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणून दोन्ही मुठींनी गुलाल उधळला. गाडी गुलाबी, मी गुलाबी, दादा गुलाबी, वॉचमन पण गुलाबी. आक्का हसत होती आण्णा. मी तिला गाडीपाशी हसताना कधी बघितलं नव्हतं.

फिल्टर आज पहिल्यांदा काढला होता. जेट तुम्ही सांगितल्याप्रमाणं वाढवलाय. गाडी चांगली उठली.

बाकी ठीक. प्लग पुढच्या वेळी पाठवते. सध्या कंपनीत ऑडिट हाय, वेळ मिळत न्हाय.

क्रांती

—

धारवाड,
१३ डिसेंबर

क्रांते,

प्लग कुठाय?

फिल्टर काढून पहिल्यांदा पळवलीस आणि नेमका तोच प्लग पाठवला न्हाईस. ऑडिट तुझ्या कंपनीचं हाय, गाडीचं न्हाय. "बाकी ठीक" असं लिवणारा माणूस मला चांगला माहीत हाय, मीच दुकानात गिऱ्हाइकांना तसं सांगायचो.

पत्र मिळालं की प्लग पाठव.

आण्णा

—

पेठ वडगाव,
१९ डिसेंबर

आण्णा,

हा घ्या प्लग.

गाडी त्या दिवशी जाम झाली. पण मी पडले न्हाय. तिसऱ्या गिअरात आवाज बदलल्यासारखा वाटला आणि बोटं क्लचवर होतीच, दाबला, गाडी घरंगळत थांबली. साधा ओरखडा पण न्हाय मला. आक्कानं गाडीपाशी येऊन माझे हातपाय चाचपले आणि घरी गेली.

का जाम झाली ते मला कळलंय. दुरुस्त केलंय. नवा पिस्टन घातलाय. तुम्ही त्याच्यात डोकं घालू नका. परत तसं होणार न्हाय.

क्रांती

—

धारवाड,
२६ डिसेंबर

क्रांती,

प्लगवर चांदीचे दाणे हाईत. बारीक, सुईच्या टोकाएवढे. पिस्टनचं ॲल्युमिनियम हाय ते. नऊ वर्षांपूर्वी ऋतुराजच्या गाडीचा प्लग मी काढलाता, त्याच्यावर असेच दाणे होते. तेवढं बघितलं आणि बाकीचं काय उघडायचा मला धीर झाला न्हाय. गाडी तशीच तुमच्या गोठ्यात आणून टाकली.

आता तर जेट मी वाढवून दिलाता. तरी तेच. म्हंजे जेटमध्ये न्हाय, माझ्या हातातच खोट हाय. सिलेंडरची भोकं मी घासलीती, तीच अजून त्या गाडीत हाईत. त्यातच काय तरी कायमचं चुकलंय. पहिल्यांदा पोराला पाडलं, आता पोरीला पाडलं असतं. तू वाचलीस ती तुझ्या बोटांनी वाचलीस, माझ्यामुळं न्हाय.

माझं एवढं ऐक. नाव काढून घे. गाडी भंगारात घाल. मी ह्याच्या पुढं एक अक्षर सांगणार न्हाय आणि प्लग पाठवलास तर पाकीट फोडणार न्हाय. आक्का दवाखान्यात बोलली ते मी रोज ऐकतो. कान गेलं तरी ते तेवढं ऐकू येतंय.

तुझं भलं होवो.

आण्णा

—

पेठ वडगाव,
३१ डिसेंबर

आण्णा,

चूक माझी झाली. मी लपवलं आणि तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलंत. आता खरं लिहिते. पत्र फाडू नका, शेवटपर्यंत वाचा.

गाडी तुमच्यामुळं जाम झाली न्हाय. गुलालानं झाली.

त्या दिवशी घरी आणून कार्बोरेटर खोलला. उघडं तोंड आतनं गुलाबी. तेलात कालवून गुलालाची पेंड झालेली. आक्कानं दोन मुठी उधळल्या त्या सीटखाली, इंजिनावर, सगळीकडं गेल्या. आम्ही टाकी पुसली, सीट पुसली, पण कार्बोरेटरच्या तोंडात कोण बघतंय? फिल्टर न्हवता. गाडी सुरू केली आणि इंजिननं सगळा गुलाल पोटात ओढला. पिस्टनवरचं तेल त्यानं शोषून घेतलं. कोरडा पिस्टन तापला आणि चिकटला. दसऱ्याला दरवर्षी गावातल्या सगळ्या गाड्यांवर गुलाल पडतो, काय होत न्हाय, कारण फिल्टर असतोय.

हे कळल्यावर मला दादाचं पडणं आठवलं. दादाचा जुना कार्बोरेटर तडकला होता म्हणून मी बदललाता, तो पत्र्याच्या डब्यात टाकलेला. काढला. खालची पेट्रोलची वाटी खोलायला अर्धा दिवस गेला, पार धरली होती. आण्णा, तळाशी गाळ होता, वाळून खडा झालेला. पेट्रोलमध्ये धुतला तर गुलाबी.

मग दादाला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या रेसच्या दिवशी आक्कानं पूजा केलती का? तो म्हणाला, "केलती की. माझ्या नाकातोंडात गुलाल गेलता, अर्धा तास शिंकत होतो."

म्हणजे तुमचा जेट बरोबर होता. तुमचा हात बरोबर होता. तुम्ही दुकान बंद केलंत, गाव सोडलंत, बहीण गमावलीत, आणि तुमचं काय चुकलंच न्हवतं. हे मी तुम्हाला त्याच दिवशी लिहायला पायजे होतं. पण लिहिलं असतं तर गुन्हा आक्काच्या गळ्यात पडतोय. नऊ वर्षं ती तुमच्यावर राग धरून हाय आणि आता मी तिला सांगायचं, आक्का, ते तू केलंस? तुझ्याच मुठीनं दादा पडला? मला जमंना. म्हणून "बाकी ठीक".

आता तुम्ही सांगा. सांगू का तिला?

क्रांती

—

धारवाड,
८ जानेवारी २०२६

माझ्या लेकी,

पत्र चार डाव वाचलं. मग अनुजाला वाचाय दिलं, मला वाटलं माझंच वाचायचं चुकतंय. ती रडली, मग मी बी रडलो. चहा दोन वेळा गार झाला. काय सांगू? मानेवरचं जू कुणीतरी काढलं आणि मान सरळच होईना, असं झालंय.

गुलाल! अगं, मी त्या दिवशी तिथंच उभा होतो की. मी स्वतः ताटातनं चिमूट घिऊन गाडीच्या टाकीला लावली होती. फिल्टर काढलाय हे मलाच ठाऊक होतं, तिला काय ठाऊक? "आक्के, जरा थांब, तोंड झाकू दे" एवढं म्हणाय पायजे होतं. देवाच्या कामात कशाला आडवं यायचं म्हणून मी हात जोडून उभा. मग चूक वाटून घेऊ म्हटलं तर अर्धी माझी बी हाय.

म्हणून सांगतो, आक्काला सांगायचं न्हाय. मी नऊ वर्षं हे वडलंय, मला सवय झालीय. तिला जमायचं न्हाय. पोराची मांडी आपल्या हातानं मोडली हे आईला कळलं तर ती रोज त्याच्या चालण्याकडं बघंल. तू मला मोकळं केलंस, तेवढं बास हाय. मी रागावलेलो न्हाय, माझी शपथ.

रेसला मी येत न्हाय. तिला समोर बघितलं तर माझं तोंड बोलंल, मी गप्प बसलो तरी.

पण तू पळव! आता पळवायचीच. गुलाल तिला टाकू दे, देवाचं हाय, मन मोडू नको. फक्त पूजेच्या आदी कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब आणि वरनं चिकटपट्टी मार. पूजा झाली की गाडी पुसायची, मगच फडकं काढायचं. विचारलं तर धूळ म्हणून सांग. जेट हाय तोच ठेव, बरोबर हाय. बरोबर हाय असं लिवताना मला किती बरं वाटलं, तुला कळायचं न्हाय.

आण्णा

—

पेठ वडगाव,
२७ जानेवारी

आण्णा,

तुम्ही सांगितलं तसंच केलं, आणि त्यानंच सगळं उघडं पडलं.

रविवारी धावपट्टीवर आक्का, दादा आणि मी, आम्ही तिघं पोचलो. आपल्या गटात गाड्या भरपूर, सांगलीच्या, बेळगावच्या, हुबळीच्या. पोरी दोनच. मी रांगेच्या बाजूला गाडी उभी केली, तोंडात फडकं कोंबलं, चिकटपट्टी मारली. आक्का ताट घेऊन आली. नारळ झाला. मूठ भरली, हात वर केला आणि हात तसाच राहिला.

"हे काय बांधलंयस?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"मागच्या वेळंला न्हवतं बांधलंस."

मी चिकटपट्टीचं टोक दाबत बसले.

"मागच्या वेळंला गाडी जाम झाली." ती माझ्याकडं बघतच होती. "ह्यात गुलाल जातोय व्हय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आण्णा, खरंच उघडलं, पण तिनं पुढचं विचारलं. "ऋतूच्या वेळंला बांधलंतं का?"

मी नुसती मान हलवली, न्हाय म्हणून. आक्कानं मूठ ताटात सोडली. पदराला हात पुसला. मग तिथंच धावपट्टीच्या कडंला गवतात बसली, ताट मांडीवर घेऊन. माझा नंबर पुकारत होते. मी म्हटलं, आक्का, मी पळवत न्हाय, चल घरी. तर तिनं मान वर केली आणि म्हणाली, "माझ्या भावानं लावलेली गाडी हाय. पळव."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या तोंडनं "माझ्या भावानं" ऐकलं.

पहिली फेरी जिंकले. क्लच सरकवला, बूड मागं, दुसऱ्याला झोपले, सगळं तुमच्या पत्रात हाय तसं. रेषेवर गाडी पुरी ताणलेली होती, एक दाता कमी न्हाय की जास्त न्हाय. दुसऱ्या फेरीत सांगलीच्या पोरानं एका चाकाच्या अंतरानं मारलं. दिव्यावर उशीर झाला माझा, लक्ष आक्काकडं होतं. गाडीचा दोष न्हाय. परतताना कुणी एक जण विचारत होता, हे इंजिन कुणी केलंय. मी तुमचं नाव सांगितलं. दादा शेजारनं म्हणाला, "उद्यमनगरात दुकान होतं त्यांचं." आणि आक्का म्हणाली, "होतं न्हाय. हाय. शटर बंद हाय तेवढंच."

सोबत आक्काचा कागद. मी वाचलेला न्हाय. तिनं माझ्याकडनं पेन मागून घेतलं, दार लावून लिहिला आणि स्वतःच्या हातानं पाकिटात घातला.

क्रांती

—

आण्णा,

सातवीनंतर आजच लिवतीया. अक्षर लागलं न्हाय तर अनुजाकडनं वाचून घे.

गुलाल मी टाकला. मला कळलं. कुणी सांगितलं न्हाय, मीच वळखलं.

रविवारी राती ऋतूला सांगितलं. म्हटलं, पोरा, तुझा पाय माझ्यामुळं गेला, मामामुळं न्हाय. तर त्यो माझ्या तोंडाकडं बघतच ऱ्हायला. म्हणाला, आक्का, गुलालानं व्हय? मला तर वाटत हुतं मीच चुकीचा गिअर टाकला आणि मामा माझ्यासाठी बोल खातोय. म्हंजे बघ. तू म्हणत हुतास तुझं चुकलं, पोरगं म्हणत हुतं त्याचं चुकलं, आणि जिनं केलं ती मी नऊ वरसं तोंड वर करून फिरली. दोघंबी माझ्या घरातलीच माणसं, आणि दोघांचं बी मला कळलं न्हाय.

दवाखान्यात मी सगळ्यांफुडं बोलली. आता सगळ्यांफुडं परत बोलणार हाय. वडगावातली, कागलची, सगळी पावणं बोलवलीत. ज्यांनी ते ऐकलं त्यांनी हे बी ऐकायचं. माझं चुकलं आण्णा. लई चुकलं. तू थोरला हाईस, पाया पडीन.

पर मला तुझा बी राग आलाय. लई आलाय. मी म्हणली आणि तू मान खाली घातलीस. एकदा तरी म्हणायचं हुतंस, आक्के, थांब, गाडी उघडून बघू. न्हाय म्हणलास. मी काय परकी हुती? भांडायचं हुतंस माझ्यासंगं. लहानपणी पेरूवरनं मला डोक्यात दगड मारलावतास, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला गप बसलास? गप बसून निघून गेलास आणि मला तसंच ऱ्हाऊ दिलंस.

आठ फेब्रुवारीच्या रविवारी निघून ये. क्रांतीला म्हटलंय, स्टँडवर जा आणि घिऊन ये. पत्राचं उत्तर नको. आदी भांडू, मग जेवू.

आक्का